न मोजलेले तीन कोपरे

तात्या, मी त्या गालिच्याचे चारही कोपरे मोजले नव्हते. एकच मोजला होता. उरलेले तीन मी घरी बसून त्या एकावरून उतरवले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा चारही मोजले असं सांगितलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला पावणेदोन वर्षं लागली. तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले.

वाचनालयाच्या चिटणिसांनी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, ग्रंथ असं क्रमानं लिहा, म्हणाले. पदवी नव्हती तुमच्याकडे. ग्रंथही नाही. तरुणपणी भिंगारच्या गालिच्यांच्या कारखान्यात मागावर बसलात, तो बंद पडल्यावर कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत कारकुनी केलीत, बाजारातल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडून फारसी शिकलात, आणि रजेचा एकेक दिवस दर्ग्यांत, जुन्या सरदार घराण्यांच्या पेट्यांत आणि देवळांच्या कोठ्यांत गालिचे उलटे करून बघण्यात घालवलात. पुण्याची विद्वान मंडळी तुम्हाला ‘भिंगारचे गालिचेवाले’ म्हणत. तुम्ही ते हसत सांगायचात. मला कधी हसू आलं नाही. एवढं सोडलं तर त्या चिटणिसांना हवं तसं काही माझ्याजवळ नाही.

आपली ओळख भांडणानं झाली. मी चित्रकला शिकवतो त्या शाळेत मुलांच्या नक्षीकामाचं प्रदर्शन होतं. तुम्ही प्रत्येक कागदाला नाक लावून बघत होता, कारण तेव्हाच मोतीबिंदू वाढू लागला होता. एका चित्रापाशी थांबून म्हणालात, “मास्तर, हे फूल डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला इतकं सारखं कसं?” मी फुशारकीनं सांगितलं, की नक्षीचा चौथा हिस्सा काढायचा, पातळ कागद दुमडायचा, पाठीवर पेन्सिल घासायची, चारही बाजू तंतोतंत येतात. शिकवतोच मी तसं. तुम्ही म्हणालात, “म्हणजे पोरानं एकच फूल काढलं. बाकीची तीन कागदानं काढली.” मला राग आला. त्या दिवसापासून सहा वर्षं आपण हेच भांडलो. मी म्हणायचो, नक्षीचं सौंदर्य समतोलात आहे. तुम्ही म्हणायचात, समतोल कुणीही आणेल, माणूस दिसतो तो जिथे तोल जातो तिथे. ते भांडण तसंच राहिलं. आता मी एकटा दोन्ही बाजूंनी भांडतो, आणि हरतो.

तुमची पद्धत मला शेवटपर्यंत अचंब्याची वाटली. गालिचा आला की आधी पालथा घालायचा. पुढची बाजू सगळ्यांना दाखवायला असते, पाठ विणणाऱ्याची असते, असं तुम्ही म्हणायचात. मग उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख गाठींच्या ओळीवरून सरकवत जायचात आणि पुटपुटायचात, दोन लाल, एक पांढरी, तीन निळ्या, जसं कारखान्यात एक जण नक्षी वाचायचा आणि बाकीचे विणायचे. डोळे अधू झाल्यावर रंग दुसऱ्यानं सांगायचा आणि गाठ तुमच्या बोटांनी. बोटं चुकली असं मी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या अलीकडच्या गावातला तो गालिचा तुम्ही शोधून काढलात, तेव्हा तिथे दोन भावांची वाटणी चालू होती. जमीन झाली, बैल झाले, भांडी झाली. लग्नात वऱ्हाडाला बसायला अंथरायचा पिढीजात गालिचा तेवढा उरला. थोरले दगडूराव तो अख्खा ठेवायचा म्हणत होते. धाकटा किसन निम्मा कापून मागत होता. तुम्ही दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसून बोटं फिरवलीत, आणि किसनला म्हणालात, थोडं थांबा, यावर लेख छापून येऊ द्या, मग तुम्हीच त्याला कात्री लावणार नाही.

किसन म्हणाला, “छापून आल्यावर त्याला काय शिंगं फुटत्यात व्हय?”

सगळे हसले, तुम्हीसुद्धा. पण दगडूराव म्हणाले, तात्या म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या. आणि तुमच्या शब्दावर तो राहिला.

तुम्हाला काय सापडलं होतं ते तुम्ही मला मुद्दाम सांगितलं नाहीत. “मी बोटांनी मोजलंय, तू डोळ्यांनी मोज. मी सांगितलं तर तुला तेच दिसेल. न सांगता जुळलं, तरच ते खरं.” असं म्हणून तुम्ही भिंगारला परतलात आणि मला चौकटीच्या कागदांची गुंडाळी देऊन मागं ठेवलंत. फोटो काढून बघितला होता, पण गालिचा इतका झिजलेला आणि ओसरी इतकी अंधारी, की काही उठलं नव्हतं. आकृती हाच पुरावा होणार होता, आणि ती काढायचं काम माझं होतं.

ओसरी लहान, गालिचा लांब. तुम्ही मोजताना दोघा भावांनी तो पुढं सरकवत, गुंडाळत दिला होता. माझ्या वेळी वरचा निम्मा उलगडलेला होता आणि खालचा निम्मा गुंडाळलेला. पहिल्या दिवशी मी वरचा उजवा कोपरा गाठ न् गाठ मोजला. मान मोडून आली. किनारीतली वेल कोपऱ्यापाशी इतकी सुरेख वळली होती की मला धन्य वाटलं. शेजारचा कोपरा नजरेनं पाहिला, तसाच होता. दुसऱ्या दिवशी किसन शेताकडे निघून गेला होता, दगडूराव एकटे, गुंडाळी जड. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आल्या होत्या, आणि दुपारची एस.टी. चुकली तर दुसरी संध्याकाळपर्यंत नव्हती. मी दगडूरावांना म्हणालो, राहू द्या, काम झालं. त्यांनी दोनदा विचारलं, “खालचं नगं का बगायला?” मी म्हणालो, तसंच असणार.

घरी येऊन मी पातळ कागद दुमडला आणि पेन्सिल घासली.

तुमच्याकडे आकृती घेऊन आलो तेव्हा तुम्ही कागदावरून हात फिरवलात. कागदाला गाठी नसतात, त्यामुळे तुम्हाला काही कळणार नव्हतं. तुम्ही विचारलंत, चारही मोजलेस? मी म्हणालो, चारही. खालचे नीट बघितलेस? मी म्हणालो, जसे आहेत तसे उतरवलेत. तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरलात आणि बराच वेळ सोडला नाहीत. “मग जुळलं. बोटं अजून म्हातारी झाली नाहीत.” काकूंना हाक मारून चहा करायला सांगितलंत.

लेख तुम्ही कचेरीतल्या जुन्या टंकलेखक मित्राला सांगून उतरवला. माझी आकृती त्याला जोडली गेली. पुण्याच्या संशोधन पत्रिकेचा अंक आला तो लढाईच्या दिवसांत. भिंगारच्या रस्त्यानं लष्करी गाड्या जात होत्या, खिडक्यांना काळे कागद लावलेले. आकृतीखाली माझं नाव छापलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. शिक्षकांच्या खोलीत मी तो अंक सगळ्यांना दाखवला, सासुरवाडीला एक प्रत पाठवली. आणि तात्या, हेही सांगून टाकतो: मी तेव्हा तुमचा लेख वाचलाच नाही. माझं नाव असलेलं पान तेवढं उघडत राहिलो.

पुढच्या अंकात एका विद्वानाचं टिपण आलं. तुमच्या घरी, सकाळी, मीच ते तुम्हाला वाचून दाखवलं. काकू समोर तांदूळ निवडत होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तुम्हाला काय सापडलं होतं. गालिचा मागावर खालून वर विणत जातात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्या गालिच्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत किनारीची वेल वळत नाही, कापल्यासारखी तुटते; वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ती अलगद वळते. म्हणजे विणणाऱ्याजवळ कागद नव्हता. खाली तो चुकला, वर पोचेपर्यंत त्याला उमगलं. इराणातल्या मोठ्या कारखान्यातला असता तर पहिल्याच कोपऱ्याला वळला असता. हा इथलाच कुणीतरी होता, आणि तो याच गालिच्यावर शिकला, असं तुम्ही लिहिलं होतं. तुमचा लेख मी त्यानंतर वाचला; गालिच्यांवरच्या कुठल्याही विद्वानानं विणणाऱ्याबद्दल इतक्या मायेनं लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

टिपणात लिहिलं होतं, की लेखकाचं म्हणणं लेखकाच्याच आकृतीनं खोडून निघतं. आकृतीत चारही कोपरे एकसारखे वळलेले आहेत. तेव्हा हा कागदावरून विणलेला, अलीकडच्या एखाद्या कारखान्यातला माल असावा. हौशी अभ्यासकांनी बोटांवर विसंबू नये, असा सल्ला शेवटी होता. त्या गृहस्थांना पुण्याहून कर्जतला यायला एक दिवस लागला असता. ते आले नाहीत. पण त्यांच्यावर चिडायचा अधिकार मला नाही, कारण ओसरीवर बसून गुंडाळी न उलगडणारा मी होतो.

वाचता वाचताच मी आकृतीकडे पाहिलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “वसंता, तू तर मोजले होतेस.”

“मोजले होते.”

“मग खाली काय होतं?”

तात्या, तेव्हा सांगायला हवं होतं. कोपरे न मोजणं हा आळस होता, त्याला माफी असेल. पण तुम्ही मला सरळ विचारलंत, मला उत्तर ठाऊक होतं, आणि मला शिक्षकांच्या खोलीतली माणसं दिसली ज्यांना मी अंक दाखवला होता. मी म्हणालो, “चित्रात आहे तेच, तात्या.”

तुम्ही दोन्ही तळवे उताणे करून डोळ्यांजवळ नेलेत. “म्हणजे बोटं गेली,” असं म्हणालात. काकूंचा हात तांदळात थांबला होता.

मग तुम्ही मला कार्ड लिहायला सांगितलंत, दगडूरावांना. तुमचा प्रामाणिकपणा एवढा, की दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही थांबला नाहीत. आपल्या गालिच्याबद्दल मी जे सांगितलं ते आता खात्रीनं सांगू शकत नाही, आपण आपल्या मर्जीप्रमाणे करावं. मी ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि जाताना पेटीत टाकलं. पेटीपाशी मी थांबलो होतो. थांबलो, एवढंच.

तीन आठवड्यांनी दगडूराव नगरच्या कचेरीत कामाला आले आणि तुमच्याकडे बसले. मी होतो तिथे. ते पायरीवरच टेकले, आत आले नाहीत.

“तात्या, तुमचं कारट आलं आन् किसनानं इळा घेतला. आदी मी धरून हुतो, तुमच्या सबदावर. मंग काय सांगू त्याला? आडवा कापला. वरलं निम्मं माझ्याकडं हाय, खाल्लं त्याच्याकडं.”

मला वाटलं तुम्ही रडाल. तुम्ही त्यांना म्हणालात, “कापलेल्या कडेला टाके घालून घ्या. नाहीतर रोज एकेक ओळ सुटत जाईल.”

त्यानंतर तुम्ही गालिच्याला हात लावला नाहीत. नगरहून कुणी जुनी सतरंजीसुद्धा दाखवायला आणली तर म्हणायचात, दुसऱ्या कुणाला विचारा. वह्या बांधून माळ्यावर टाकल्यात. आणि इथे मला तुमचाही राग येतो, तात्या. येऊ नये, पण येतो. सहा वर्षं माझ्या प्रत्येक रेघेवर शंका घेणारा माणूस नेमका त्या एका दिवशी माझ्यावर इतका विश्वास का ठेवतो? दुसऱ्या कुणाला आकृती दाखवून का घेतली नाहीत? माझ्यावर एकदा ओरडायला काय हरकत होती? तुम्ही ओरडला असता तर मी त्याच क्षणी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खरं नाही. पण सांगत होतो.

एकदा मी मनाशी ठरवून आलो. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष, टँकरची वाट बघत गल्लीत हंड्यांची रांग लागलेली, तुम्ही दारात खुर्ची टाकून बसला होता. मी म्हणालो, तात्या, त्या आकृतीबद्दल बोलायचं होतं. तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. “जाऊ दे रे. तुझं चित्र चांगलंच असणार. मला दिसलं नाही, एवढंच.” माझं सांत्वन करत होता तुम्ही. तुमच्या त्या चांगुलपणाआड मी लपलो. मुकाट्यानं काकूंचे दोन हंडे भरून दिले आणि घरी गेलो.

मग मी वेगळी पळवाट काढली. नुसतं सांगून काय उपयोग, पुरावा घेऊन जाऊ असं म्हणालो. किसनचा निम्मा गालिचा मिळवायचा, त्याचे तुटके कोपरे तुमच्या बोटांखाली ठेवायचे, आणि मग सांगायचं. किसन तेव्हा जनावरं घेऊन छावणीवर होता. तीन बस बदलून मी तिथं पोचलो. कडबा वाटप चाललं होतं. त्यानं मला ओळखलं आणि आधी हसलाच.

“मास्तर, ते कवाच गेलं की. वासरांवर सावली म्हनून टाकलं हुतं. उनानं इरलं, कडंनी वासरांनी चघाळलं. ऱ्हायलेल्या चिंध्या खोपटाच्या भोकात कोंबल्या.” मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. “तुमीच लिवलं हुतं ना, त्यात काय न्हाई म्हनून?”

मी खोपटाच्या कुडातून दोन-चार चिंध्या ओढून पाहिल्या. किनार नव्हती त्यात. म्हणजे आता उरलाय तो फक्त दगडूरावांकडचा वरचा निम्मा, त्याचे दोन्ही कोपरे सुरेख वळलेले. जो कुणी उद्या जाऊन बघेल त्याला माझी आकृती बरोबरच वाटेल. माझा खोटेपणा तेवढा शाबूत राहिला आणि तुमचं खरं वासरांनी खाल्लं. त्यानंतर महिनाभर मी तुमच्याकडे फिरकलो नाही. आलो तो तुम्हाला सिव्हिल हॉस्पिटलात हलवल्याचा निरोप मिळाल्यावर, आणि तेव्हा तुम्ही माणूस ओळखत नव्हता.

परवा वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. ते म्हणाले, आयुष्याच्या शेवटी नजरेनं दगा दिल्यामुळे तात्यांच्या हातून एक चूक झाली, पण आज आपण तिची आठवण काढू नये. मी उभा राहिलो. मी सांगितलं, की चूक तात्यांची नव्हती. आकृती मी न मोजता काढली, त्यांनी विचारल्यावर दोनदा खोटं बोललो. मग अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, गेलेल्या मित्राचा दोष आपल्या अंगावर घ्यायला फार मोठं मन लागतं. लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, मित्र असावा तर असा. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर चिटणिसांनी मला पाणी आणून दिलं.

तसाच उठून मी तुमच्या घरी आलो. काकू एकट्याच होत्या. मी सभेत काय बोललो ते शेजाऱ्यांनी येऊन आधीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “ते खरंच होतं का रे? का लोक म्हणतात तसं?”

मी म्हणालो, खरं होतं.

काकू म्हणाल्या, “दीड वर्ष हे पांघरुणाची कड चाचपायचे. मला विचारायचे, किती धागे आहेत गं? मी मोजून सांगितलं की म्हणायचे, बघ, मला एक कमी लागला. कधी कधी त्यांचं बरोबरच असायचं. मीच घाईत चुकीचं सांगायचे. मला काय ठाऊक, ते त्यावरून काय ठरवतायत.”

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. “माफी माझी नको मागूस. मला तू काही केलं नाहीस.”

आतल्या खोलीत तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. मी तिथे जाऊन उभा राहिलो. काकू दारात होत्या आणि मी मोठ्यानं बोललो, त्यांना ऐकू जाईल असं. तात्या, मी खालचे कोपरे पाहिलेसुद्धा नव्हते. तुम्ही बरोबर होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं, तरी मी तुम्हाला खोटं पाडलं, आणि तुम्ही ते खरं मानून गेलात. मला माफ करा.